पान एकशे सतरा

प्रभाकर झोपेचं पुस्तक आलंय माझ्याकडे प्रुफांना.
दोनशे बारा पानं, पानाला अठरा रुपये.
बाहेर जळगाव चव्वेचाळीस अंशांवर,
कूलरमधलं पाणी संपलंय, तो नुसताच बोलतोय.

पूर्वी हा रात्री सव्वानऊला यायचा,
सायकल जिन्याखाली टाकून.
खिशात सराफाच्या पावतीमागे लिहिलेले आकडे:
सोनं, चांदी, सरकी, मूग,
सावद्याची केळी, कांदेबाग वेगळी, मृगबाग वेगळी.
उडदाचा दाणा दाताखाली धरून
'ओल आहे,' म्हणायचा, 'उद्या उतरेल.'
उतरायचा.
मी वाचायचो, तो उभा.
मुरमुऱ्यांचा पुडा मधे,
मिरची त्याला, कांदा मला.

तेव्हाची त्याची वाक्यं आखूड.
जिनिंग बंद पडली. मजूर घरी गेले. मालक पुण्याला.
एकही शब्द काढता यायचा नाही,
आणि मला तर काढायची सवय.

मग त्यानं नोकरी सोडली.
सोडली असं तोच म्हणतो; मी तिथं खूण करत नाही.
रिंग रोडला खोली, काचेवर 'व्यवसाय सल्लागार'.
पेंटरनं ल एकच काढला होता,
दुसरा मीच सांगितला.
केळीच्या वेफर्सना त्यानं नाव दिलं, पाकीट दिलं.
पाइपवाल्याच्या तीन पोरांत कारखाना वाटून दिला,
भांडण न होता. हे सोपं काम नाही.
डाळ मिलवाले त्याला गाडी पाठवू लागले.
हळूहळू त्याच्या कागदांत तोटा दिसेना.
तोट्याच्या जागी 'आव्हान' आलं,
घरी पाठवलेल्या माणसांच्या जागी 'पुनर्रचना'.
शुद्धलेखन बिनचूक.
मी काय करणार?

आता प्रकरण सात.
ती पतसंस्था, त्याची सगळ्यात मोठी बातमी.
'चारशे बारा ठेवीदार रस्त्यावर आले.'

माळ्यावरून जुना गठ्ठा काढला, खात्री म्हणून.
बातमीतही ४१२.
पण गठ्ठ्यात त्याचा हातचा कागदही निघाला,
निळी शाई, घाई: ४२१.
आणि छापायच्या प्रुफावर माझी सही,
तांबडी, ऐटीत. 'वाचले.'

लाईट गेली होती म्हणावं, तर गेली नव्हती.
एक आणि दोन यांनी जागा बदलल्या,
नऊ माणसं बाहेर पडली,
आणि तो आकडा चौदा वर्षं
इस्त्रीचे कपडे घालून हिंडला,
भाषणांत, अर्जांत, झोपेच्या पडद्यावरच्या तक्त्यांत.

नऊ म्हणजे किती? एका रिक्षात बसवतो आपण
पारोळ्याच्या वाटेला.
एक शिवणकामवाली आली होती कचेरीत,
बोटाला टोपण तसंच.
'पेपरात माझं नाव हाये का?'
मी म्हणालो, नावं नसतात हो ताई, आकडा असतो.
त्या आकड्यात तुम्ही आल्याच.

फोन लावला.
'जाऊ दे नं भो,' झोपे म्हणाला,
'बाजार उठल्यावर भाव बदलत नसतो.'
मग बराच वेळ काही नाही.
त्याच्याकडे कुठेतरी बशीत चमचा वाजला.
'कागद आहे तुझ्याकडे?'
आहे.
'माझ्याच अक्षरात?'
तुझ्याच.
'सोमवारी प्रेसला द्यायचंय,' म्हणाला.
हो नाही, नाहीही नाही.
इतकं आखूड वाक्य
बऱ्याच वर्षांनी ऐकलं त्याचं.

पेनाचं टोपण काढलं.
'बारा' खोडून समासात 'एकवीस' लिहिलं.
लेखकाला विचारायचा आकडा असला
की शेजारी प्रश्नचिन्ह काढायची पद्धत आहे.
काढलं नाही.

बिलात दोनशे अकरा पानं लावली.